पिंप कोरडं होतं

४ मार्च

वन्सं,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनही तुम्ही ते फाडलं नाहीत, इथवर वाचलंत, म्हणजे निम्मं काम झालं. फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता.

सोबत काड्यापेटी आहे. जपून उघडा. आत नखाएवढी रंगाची खपली आहे. इथल्या हॉस्पिटलच्या जुन्या भिंतीवरून मी स्वतः सुरीने काढली. त्यांनी जुनी इमारत नव्या इमारतीला जोडायला तीन मजली व्हरांडा बांधलाय. प्रत्येक मजल्यावर साठ पावलं लांब, एका बाजूला खिडक्याच खिडक्या, दुसऱ्या बाजूला सलग भिंत. त्या भिंतीला जुन्यासारखाच करडा पाहिजे म्हणून तिथले इंजिनियर साहेब हटून बसलेत. ज्या कंपनीचा तो रंग होता ती कधीच बंद पडली. शेडकार्डातले अकरा करडे लावून पाहिले. एक निळा मारतो, एक धुणं पिळलेल्या पाण्यासारखा दिसतो. ते रंगवायचं काम आपल्याला मिळेल, पण शेड जुळली तरच. आणि खरं सांगते, हे काम गेलं तर दुसरं समोर दिसत नाही.

ह्यांना जुळवता येत नाही. तुम्ही गेल्यापासून इथे जुळवणारं कोणी राहिलंच नाही. हे म्हणाले, "लिही तिला, पण मी सांगितलंय असं लिहू नकोस." तर ते मी लिहिलेलं नाही असं समजा.

आठ वर्षं झाली. मिस्त्री अजून बादली उघडली की म्हणतात, "ताई असत्या तर नुसतं बघून सांगितलं असतं." बहीण-भावांनी किती दिवस तोंडं फिरवून बसायचं? माझी एवढीच इच्छा आहे की घर पुन्हा एकजीव व्हावं.

तुमची वहिनी

११ मार्च

वहिनी,

काड्यापेटी मिळाली. खपली बघितली. सुरी जरा तिरकी धरायची असते, तुम्ही खालचा चुना पण उचललाय.

तुमचा तो शब्द वाचून हसू आलं. एकजीव! रंगाच्या कारखान्याच्या शेड-खात्यात दिवसभर मी तेच बघत असते, म्हणून सांगते. शाळेत समांगी आणि विषमांगी शिकवलं होतं ना? पाण्यात मीठ विरघळलं की ते समांगी. वरचा घोट घ्या, तळाचा घ्या, सारखाच खारट. रंगाचं तसं नसतं. रंग म्हणजे पातळात तरंगणारी पूड. ढवळला की एकजीव दिसतो, ठेवला की पूड तळाला बसते. ढवळलेलासुद्धा भिंगाखाली धरा, कण न् कण वेगळा. म्हणजे एखादी गोष्ट एकजीव आहे की नाही, हे तुम्ही किती जवळून बघता आणि नमुना कुठून घेता त्यावर ठरतं. तुम्ही आमच्या घराचा नमुना स्वयंपाकघरातून घेता. मी वाचनालयाच्या दालनातून घेतला.

विसरलात? मी विसरले नाही. दहा बादल्या रंग होता. माणूस म्हटला, वजनकाटा म्हटला की बादलीगणिक केसभर फरक पडतोच. म्हणून तर नियम आहे की सगळ्या बादल्या मोठ्या पिंपात ओतायच्या, दांड्याने ढवळायच्या आणि मग परत भरून घ्यायच्या. त्यात अर्धा दिवस जातो. दादाने तो अर्धा दिवस वाचवला. भिंतीवर पट्टे उठले. आणि वाचनालयाच्या बाईंसमोर, सहा रंगाऱ्यांसमोर त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "पिंपात सगळं ओतलं होतं. हिच्या डोळ्यांत दोष आहे."

रंग जुळवणारीच्या डोळ्यांत दोष! त्यापेक्षा मला चोर म्हणाला असता तर परवडलं असतं. त्यानंतर चार वर्षं मला कोणी दारात उभं केलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला पर्समध्ये घेऊन मी काम मागत हिंडले, वहिनी. लोक दाखला वाचायचे आणि म्हणायचे, "पण तुमचे सख्खे भाऊच म्हणतात ना?"

गरज सरो, वैद्य मरो. आता पुन्हा ताप चढला म्हणून वैद्याला काड्यापेटी पाठवलीत होय? परत पाठवते आहे. त्याला म्हणावं, दोष असलेल्या डोळ्यांना करडा दिसत नाही.

१८ मार्च

वन्सं,

काड्यापेटी परत आली, मी परत पाठवते आहे. पोस्टमन हसायला लागलाय.

तुमचं दुखणं मला कळतं. पण ह्यांच्या मनात आता तुमच्याबद्दल काही म्हणजे काही उरलेलं नाही, हे तुम्हाला कसं सांगू? परवाचीच गोष्ट. इंजिनियर साहेबांना वाचनालयाची भिंत माहीत होती, त्यांनी तोंडावर विचारलं. हे अगदी शांतपणे म्हणाले, "तेव्हा घरातल्याच एकीच्या डोळ्यांचा दोष होता. ती आता आमच्यात नाही. आता आमची टीम कशी, एकजिनसी आहे." साहेब हसले आणि विषय मिटला. बघा, ह्यांनी राग धरलेला नाही. तुम्हीच धरून बसलात.

एवढं एकदा जुळवून द्या. तुमच्या भावासाठी नको, माझ्यासाठी द्या. ह्या वेळी रंग मी माझ्या हाताने कालवणार आहे.

तुमची वहिनी

२७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमचं बरोबर आहे. राग धरून कोणाचं भलं झालंय?

करडा जुळला. दोन कार्डं पाठवते. काळा स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा काळा अर्क, सध्या मिळायला कठीण आहे, म्हणून बारापैकी सहा बादल्या पहिल्या कार्डाने करा. त्यात काळा आणि पिवळी माती आहे. उरलेल्या सहा दुसऱ्या कार्डाने. त्यात काळा थेंबभरसुद्धा नाही. हिरवा आणि तांबडा एकमेकांना मारतात आणि करडा उरतो. दोन्हींचे नमुने मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी लावून बघा. फरक दिसला तर मी परत तोंड दाखवणार नाही.

एकच सांगते, त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. बाराच्या बारा बादल्या पिंपात एकत्र ओतून, ढवळून, मगच भिंतीला लावायच्या. हे दादाला वाचून दाखवा. मोठ्याने दाखवा.

तब्येतीला जपा. सुरी तिरकी धरा.

२७ मार्च
(टाकायचं नाही)

दादा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वहिनींना लिहिलं त्यातला काळ्या स्टेनरचा बहाणा सोडला तर खोटं काही नाही. फक्त एक गोष्ट गाळली. ते दोन करडे ट्यूबखाली जुळ्यासारखे दिसतात. दिवसाच्या उजेडात नाही दिसत. उन्हात एक गुलाबी मारतो आणि दुसरा शेवाळी. नमुना खिडकीशी नेऊन बघायचा, हे आमच्याकडे कामाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. तेवढं मी लिहिलं नाही. तुझ्या मागच्या खोलीला खिडकी नाही हे मला माहीत आहे, चौदा वर्षं मी त्या खोलीत काढली आहेत. व्हरांड्याच्या काचांना काम संपेपर्यंत कागद चिकटवलेले असणार, दिवे लावून तुझी माणसं रंगवणार. आणि मग एक दिवस कागद निघतील.

त्यातूनही तुला वाचायला वाट ठेवली आहे, बरं का. पिंपात ओतलंस तर दोन्ही मिसळून एकच रंग होईल, ट्यूबखालीही एक, उन्हातही एक. जुन्यापेक्षा किंचित वेगळा होईल, पण भिंतभर सारखा. म्हणजे आयुष्यात एकदा तू कामाला अर्धा दिवस दिलास, तर माझ्या विषाचं पाणी होईल. मी दोन रेघा मारून सांगितलंय. उद्या कोणी विचारलं तर माझे हात स्वच्छ आहेत.

पण तू ओतणार नाहीस. मी तुला ओळखते ना! लहानपणी आई म्हणायची, औषधाची बाटली हलवून घे. तू तशीच तोंडाला लावायचास, वरचं गोड गोड पाणी प्यायचास आणि तळाचा कडू गाळ मला यायचा. ताप तुझाही उतरायचा नाही आणि माझं तोंड मात्र आठवडाभर कडू.

"ती आता आमच्यात नाही" म्हणे. "आमची टीम एकजिनसी" म्हणे! एकजिनसी म्हणजे काय रे? ज्यात मी नाही ते? माझं नाव मातीत घातलंस आणि वर त्याच मातीवर उभा राहून काम मिळवतोस? उभा राहा. तीन मजले आहेत, आरामात उभा राहा. मी फक्त कागद निघायची वाट बघते आहे.

९ मे

वन्सं,

कसं लिहू कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

काल कागद काढले. इंजिनियर साहेब होते, मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, आपले सगळे रंगारी होते. सकाळचं ऊन सरळ भिंतीवर आलं. वन्सं, गोधडी! इथे गुलाबी, तिथे हिरवट, मध्येच पुन्हा गुलाबी. ज्याने ज्या बादलीतून लावला त्याचा तेवढा तुकडा. वरच्या मजल्यावर गेलो, तिथे तेच. तिसऱ्यावर तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमचे पेशंट आधीच घाबरलेले असतात हो."

तुमचं पिंपाचं मी वाचून दाखवलं होतं, मोठ्याने. हे म्हणाले, "नाकाने कांदे सोलायची सवय गेली नाही तिची. ट्यूबखाली एक आहे ना? मग झालं." आणि पहिल्याच दिवशी बादल्या थेट वर पाठवल्या.

साहेबांनी विचारलं, हे कसं झालं? हे एक क्षणही थांबले नाहीत. "पिंपात ओतलं होतं, साहेब. बहिणीने कार्डं पाठवली, कार्डांतच खोट आहे. वाचनालयातही तिनेच घोळ घातला होता." तेच बोट, तोच आवाज. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पिंप कोरडं होतं. ह्या वेळीही कोरडं होतं आणि तेव्हाही कोरडंच होतं."

होय, वन्सं. मला माहीत होतं. वाचनालयाचं काम झालं त्या दिवशी पिंप धुवायला मीच गेले होते. आत कोळ्याचं जाळं होतं, धडधाकट, कोळ्यासकट. मी जाळं झाडलं, पिंप उगाच पाण्याने धुतलं आणि घरात गेले. तुम्ही पेटी भरत होतात. मी तुम्हाला चहा दिला. आठ वर्षं मी स्वतःला सांगत आले की नवऱ्याची लाज झाकणं म्हणजे घर सांभाळणं. काल कळलं की मी फक्त त्यांची सवय सांभाळली.

जाळ्याचं आणि तुमची कार्डं बरोबर होती हेही मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. मिस्त्रींनी डोळे पुसले. साहेब म्हणाले, तेव्हा मी ऐकून हसलो, आता तुमच्या नणंदबाईंची मी लेखी माफी मागेन, वाचनालयालाही कळवेन. त्यांनी काम काढून घेतलेलं नाही, पण पुन्हा रंगवायचं ते ह्यांच्या नाही, माझ्या देखरेखीखाली. हे मागच्या खोलीत बसून आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

तुमचं नाव धुऊन निघालं, वन्सं. मला माफ करता आलं तर करा.

तुमची वहिनी

१४ मे

वहिनी,

पत्र वाचलं आणि दोन दिवस मी हवेत होते. खोटं कशाला बोलू? भांडी घासताना गाणं म्हणत होते. त्याचं तोंड कसं झालं असेल ते मनात पुन्हा पुन्हा बघत होते. साहेबांचं माफीपत्रही आलं, छापील कागदावर, शिक्क्यासकट. मी ते खात्यात सगळ्यांना दाखवलं.

तिसऱ्या दिवशी तुमचा राग आला. चहा दिलात मला! कोळी बघून आलात आणि चहा दिलात! साखर कमी झालीय का म्हणून विचारलंतही होतं, आठवतंय मला. तुमच्या एका वाक्याने माझी आठ वर्षं वाचली असती. कसलं घर सांभाळलंत तुम्ही, वहिनी? भिंतीच सांभाळल्यात.

आणि मग तुमच्यावर ओरडायला पुरता दम घेतला, तेव्हा आठवलं की ओरडायला तोंड मला तरी कुठे आहे? तुम्ही चार लोकांत शपथेवर सांगावं तसं सांगितलंत की वन्संची कार्डं बरोबर होती. ती नव्हती. ते दोन करडे उन्हात वेगळे दिसणार हे मला माहीत होतं. मुद्दाम केलं. काळा स्टेनर कुठेही मिळतो. दादा पिंपात ओतणार नाही यावर मी पैज लावली होती आणि जिंकले. तेव्हा काही केलं नव्हतं तर हाकलली गेले, आता केलं तर शिक्क्याचं माफीपत्र! ते पत्र कपाटात ठेवलंय, आणि मला कपाट उघडवत नाही.

१८ मे

वन्सं,

मी हे पत्र उभ्या उभ्या लिहिते आहे, बसले तर रडेन.

त्या बादल्या मी कालवल्या होत्या. सहा आणि सहा, ग्रॅम ग्रॅम मोजून. हात दुखून आले तरी म्हटलं, वन्संनी दिलंय, नीट करायचं. तुमचा सूड तुम्ही माझ्या हाताने कालवून घेतलात? भावावर दगड मारायचा होता तर मारायचा, मध्ये मी उभी होते ते दिसलं नाही? म्हणे डोळ्यांत दोष नाही!

झालं. बोलून झालं. आता माझं ऐका आणि गप्प बसा. मी कोणाला सांगणार नाही. ह्यांना कळलं तर म्हणतील, "बघ, मी म्हणत होतो," आणि माझा शब्द चार माणसांत पडेल. तुमची नोकरी जाईल ती वेगळीच. शेड-खात्यातली बाई मुद्दाम चुकीचं कार्ड देते म्हटल्यावर कोण ठेवील? तुमचं नाव इतक्या वर्षांनी उजळलंय, ते तसंच राहू द्या. तुमचं कबुलीचं पत्र मी जाळलं. माझी काळजी करू नका. गप्प बसायचा मला सराव आहे.

तुमची वहिनी

२६ मे

दादा,

आठ वर्षांत तुला हे माझं पहिलं पत्र, आणि हे मी पेटीत टाकते आहे.

व्हरांडा मी खराब केला. दोन कार्डं उन्हात वेगळी दिसणार हे मला माहीत होतं आणि तुला फसवायलाच मी ती दिली. वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पिंपाबद्दल सांगितलं ते मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे. तू ओतलं असतंस तर माझा डाव फुकट गेला असता. पण म्हणून डाव तुझा होत नाही, तो माझाच.

तुला आनंद होईल. होऊ दे. दिवसभर घरात सांगत फीर की बघा, मी म्हणत नव्हतो! फार वेळ पुरणार नाही तो, कारण हेच सगळं मी इंजिनियर साहेबांना लिहिलंय, वाचनालयाच्या बाईंना लिहिलंय आणि माझ्या मॅनेजरलाही. साहेबांचं माफीपत्र परत पाठवलं. मॅनेजरने आज बोलावून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत टेबल रिकामं करा. बरोबरच आहे त्याचं. मीही तेच केलं असतं.

यात माझा चांगुलपणा शोधू नकोस. वहिनी म्हणाल्या, गप्प बसा. बसले असते, तर आपण दोघं सारखेच झालो असतो. कुठूनही नमुना घ्या, बहिणीचा घ्या की भावाचा, एकच. तू ज्या घराला एकजिनसी म्हणतोस ना, ते खरोखरच तसं झालं असतं. आणि मला नोकरी गेलेली चालेल, लोकांनी तोंडावर थुंकलेलं चालेल, पण तुझ्यासारखी झालेली चालणार नाही. माज म्हण हवं तर. आहेच.

शनिवारी सकाळी सात वाजता मी हॉस्पिटलवर येते आहे. बारा बादल्या, एकच कार्ड. पिंप वहिनी आणि मी ढवळणार. तिथे सगळे रंगारी असतील, साहेब असतील, वाचनालयाच्या बाईही येते म्हणाल्या आहेत. त्यांच्यासमोर मी केलं ते मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. वहिनींचं सांगून झालंय.

आता उरलास तू एकटा.

तुझी बहीण